लेखाचं पान एडिटरमध्ये करावं की हाताने लिहावं?

आमच्या मंडळाकडे धारवाडातल्या एका हौशी मराठी नाटकमंडळीचा जुना फोटो आहे. वाड्याच्या पायऱ्यांवर अकरा जण, काही बसलेले, काही मागे उभे. फोटो मंडळाकडे आला तेव्हा अण्णांनी, म्हणजे आमच्या सगळ्यात ज्येष्ठ सभासदांनी, एकेकावर बोट ठेवून नावं सांगितली होती. त्याच संध्याकाळी मी ती आमच्या त्या वेळच्या साइटवर फोटोखाली टाइप केली. वहीत लिहून ठेवली नाहीत. साइटवर आहेत की, मग परत कशाला लिहायची, असं वाटलं.

ती साइट आम्ही एका ऑनलाइन पेज-बिल्डरवर केली होती. काही वर्षांनी तिथली फुकटची सोय बंद झाली. अमुक तारखेच्या आत आपला मजकूर उतरवून घ्या असा ईमेल आला, आम्ही बटण दाबून सगळं उतरवून घेतलं. झिप फाइलमध्ये फोटो सगळे होते, नावं नव्हती. फोटोखालच्या ओळी त्या बिल्डरच्या 'गॅलरी' नावाच्या भागात साठत होत्या, आणि उतरवायच्या यादीत तो भाग धरलेलाच नव्हता. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये शोधलं. पान सापडलं, गॅलरीच्या जागी रिकामा चौकोन. तोपर्यंत अण्णा गेले होते.

तेव्हापासून पान एडिटरमध्ये करावं की एचटीएमएल हाताने लिहावं, हा प्रश्न आमच्याकडे नुसता आवडीनिवडीचा राहिला नाही. इतर गावांतल्या मंडळांकडून याबद्दल अधूनमधून विचारणा होते, म्हणून आमचा अनुभव आणि त्यातून जे कळलं ते इथे सविस्तर लिहितो. मी संगणकातला तज्ज्ञ नाही. चुका करत शिकलेला माणूस आहे, एवढंच.

दोन रीती

वेबपेज म्हणजे मुळात एक साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्येसुद्धा ती उघडते. आत आपला मजकूर असतो आणि त्याच्या आजूबाजूला खुणा, म्हणजे टॅग. कोनी कंसात 'पी' असेल तर इथून परिच्छेद सुरू. आधी तिरकी रेघ देऊन तोच 'पी' आला की परिच्छेद संपला. 'एच-वन' म्हणजे मुख्य मथळा, 'एच-टू' पोटमथळा, 'ब्लॉककोट' म्हणजे दुसऱ्याचा उतारा, 'ए' म्हणजे दुवा, 'फिगकॅप्शन' म्हणजे चित्राखालची ओळ. आपल्यासारख्यांच्या लेखाला असे दहा-बारा टॅग पुरतात. ते स्वतः टाइप करायचे ही झाली हाताने लिहायची रीत.

दुसरी रीत व्हिज्युअल एडिटरची. वर्डमध्ये करतो तसं मजकूर टाइप करायचा, मथळा निवडायचा, फोटो ओढून आणून ठेवायचा. टॅग तो पडद्यामागे आपला आपण लिहितो.

यातली पहिली रीत जुनी आणि दुसरी नवी, असा आपला समज असतो. तसं नाही. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये १९९० साली जो पहिला ब्राउझर तयार केला, त्यातच पान दुरुस्तही करता येत होतं. लोक टॅग हाताने लिहीत बसतील अशी त्यांची कल्पनाच नव्हती. पण पुढे मोझॅकसारखे जे ब्राउझर जगभर पसरले ते फक्त वाचण्यापुरते होते. लिहायचं साधन गळालं, म्हणून लोक टॅग शिकले. मग ते कष्ट वाचवायला फ्रंटपेज आलं, जे मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विकत घेतलं. पाठोपाठ १९९७ मध्ये मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर आलं. यातलं फ्रंटपेज २००६ मध्ये थांबलं. त्यात केलेल्या पानांवरचे भेटींचे काउंटर आणि अभिप्रायाचे फॉर्म हे सर्व्हरवर फ्रंटपेजचा खास जोड बसवलेला असला तरच चालत. जोड गेला की ते भाग बंद. पानावरचा साधा मजकूर मात्र तसाच राहिला.

याउलट सर्नने २०१३ मध्ये जगातली पहिली वेबसाइट तिच्या मूळ पत्त्यावर परत ठेवली, ती आजच्या मोबाइलवरही सरळ उघडते. तिच्यात थोडे साधे टॅग आणि मजकूर, बाकी काही नाही. म्हणजे पान कशात केलं याच्याइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व आहे ते फाइलमध्ये शेवटी काय साठलं याला. पडद्यावर दिसतं ते आणि फाइलमध्ये राहतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचे सगळे घोटाळे या एका फरकाकडे दुर्लक्ष केल्यामुळे झाले.

दिसायला मराठी, आत इंग्रजी

आमची सगळ्यात पहिली साइट साधारण वीस वर्षांपूर्वीची, एका व्हिज्युअल एडिटरमध्ये केलेली. तेव्हा युनिकोड आलेलं होतं, विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टही होता. पण डीटीपीवाले आणि आम्ही सगळे जुन्याच फॉन्टांवर टाइप करत होतो. त्या फॉन्टांची करामत अशी, की फाइलमध्ये साठतं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी 'क'चं किंवा वेलांटीचं चित्र बसवलेलं असतं. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथे मराठी दिसतं, नाही तिथे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. कन्नड मजकुराचीही तीच गत, आणि त्याचा फॉन्ट आणखी वेगळा.

एडिटरमध्ये सगळं छान मराठी दिसत होतं, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. संगणक बदलला, फॉन्ट गेला, आणि उणकलच्या चंद्रमौळेश्वर देवळावरचा अण्णांचा लेख एक दिवस वाचता येईना.

हा लेख मात्र आम्ही वाचवला, तोही फाइल नोटपॅडमध्ये उघडली म्हणून. आत टॅगमध्ये त्या फॉन्टचं नाव लिहिलेलं सापडलं. नाव कळल्यावर त्याच फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारं कन्व्हर्टर शोधता आलं. जोडाक्षरं पुष्कळ बिघडली, ती छापील प्रतीवरून ओळ न् ओळ तपासून दुरुस्त केली. ज्यांच्याकडे अशी जुनी पानं पडून आहेत त्यांनी ती टाकून देऊ नयेत. आधी फाइल उघडून फॉन्टचं नाव बघावं.

युनिकोड आल्यावर सगळं सरळ झालं असं समजू नका. 'दऱ्या' हा शब्द घ्या. यातला डोळ्यासारखा वळलेला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एक, नुक्त्याचा ऱ वापरून. दोन, नेहमीचा र, हलन्त आणि त्यापुढे 'शून्य-रुंदीचा जोडक' नावाचं एक अदृश्य चिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे. पण दुसऱ्या प्रकारातलं ते अदृश्य चिन्ह एखाद्या एडिटरने मजकूर चिकटवताना 'साफसफाई' म्हणून काढून टाकलं, तर दऱ्यांचा 'दर्या' होतो. सह्याद्रीच्या घाटवाटांवरच्या लेखात असा समुद्र येऊन बसला तर वाचणाऱ्याने काय समजावं? 'कऱ्हाड', 'वऱ्हाड' या नावांचंही तेच. शोधताना एका प्रकारे टाइप केलं आणि लेखात दुसऱ्या प्रकारे असलं, तर पान आहे पण सापडत नाही. आम्ही आता सगळीकडे नुक्त्याचा ऱ वापरतो. व्हिज्युअल एडिटरमध्ये ही भानगड नजरेला येत नाही. कोड लिहायच्या साध्या प्रोग्रॅममध्ये, अदृश्य चिन्हं दाखवायची सोय चालू केली की दिसते.

ठळक केलं म्हणजे मथळा होत नाही

एडिटरमध्ये आपण डोळ्यांनी काम करतो. ओळ मोठी आणि ठळक केली की झाला मथळा, थोडी आत सरकवली की झाला उतारा. वाचकाला ते कळतं. फाइलमध्ये मात्र नुसतं 'ठळक' आणि 'आत सरकवलेलं' एवढंच साठतं. हा मथळा आहे, हा उतारा आहे, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

याने काय बिघडतं? आमचंच उदाहरण सांगतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजीत आपल्या गावाचं नाव 'हुब्ली'चं 'हुब्बळ्ळी' झालं, 'बेळगाम'चं 'बेळगावी'. इंग्रजी गोषवाऱ्यांत नवी नावं घालायची ठरली. एका झटक्यात शोधा-आणि-बदला केलं असतं तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा जो १८८४ सालचा धारवाड खंड आहे, त्यातल्या उताऱ्यांतही नवं नाव घुसलं असतं. म्हणजे १८८४ च्या साहेबाने २०१४ चं नाव लिहिल्यासारखं! इतिहासाच्या लेखात याहून मोठी चूक कोणती? जी पानं हाताने लिहिलेली होती त्यांत उतारे 'ब्लॉककोट'मध्ये होते, ते वगळून बदल करणं अर्ध्या तासाचं काम झालं. एडिटरमधल्या पानांत उतारा कुठला आणि आपला मजकूर कुठला हे यंत्राला सांगता येईना. प्रत्येक पान उघडून डोळ्यांनी बघावं लागलं.

भाषेचंही तसंच. आमच्या एकाच पानावर मराठी निवेदन, हळेगन्नड शिलालेखाचा पाठ, मधे संस्कृत श्लोक आणि इंग्रजी गॅझेटियर असं सगळं येतं. कुठला भाग कुठल्या भाषेतला हे टॅगमध्ये 'लँग' म्हणून सांगता येतं: मराठीला 'एमआर', कन्नडला 'केएन', संस्कृतला 'एसए'. हे सांगितलं की वाचून दाखवणारा प्रोग्रॅम कन्नड ओळ कन्नडसारखी वाचायचा प्रयत्न करतो. आणि ज्या देवनागरी फॉन्टांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे दिलेले असतात, त्यांत ते आपोआप येतात. नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. बऱ्याच व्हिज्युअल एडिटरमध्ये एकेका ओळीची भाषा सांगायचं बटणच नसतं. हाताने लिहिताना तो एका शब्दाचा खेळ.

हाताने लिहिण्याची दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग सरळ हातानेच लिहा की! आम्ही तेही करून बसलो आहोत. पहिल्या साइटनंतर आमच्या एका तरुण सभासदाने, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, सगळी साइट नव्याने हाताने लिहिली. पानं स्वच्छ, झटकन उघडणारी, फाइलींना नावंसुद्धा नीट दिलेली. वर सांगितलेली 'ब्लॉककोट'वाली पानं त्याचीच. मग तो नोकरीला बेंगळूरला गेला. तिथून पुढे काही वर्षं त्या साइटवर एक अक्षरही नवीन चढलं नाही. एकदा मी धीर करून एका पानात टायपाची चूक दुरुस्त करायला गेलो, तिरप्या अक्षरांचा टॅग बंद करायचा राहिला आणि अर्धं पान तिरपं झालं. त्या धास्तीने परत कुणी हात लावला नाही. मेनूत एक नवा दुवा घालायचा तर तो प्रत्येक फाइलमध्ये घालावा लागे, हे आणखी वेगळंच.

या काळात सभासदांनी लिहिलेले लेख वर्डच्या फाइलींत ज्याच्या त्याच्या घरी पडून राहिले. एकाचा संगणक बिघडला, त्यात दोन लेख गेले. म्हणजे साइट उत्तम आणि मंडळाचं काम बंद! म्हणूनच तर आम्ही त्या बिल्डरकडे वळलो, आणि तिथे आमच्या सत्तरीतल्या काकूसुद्धा स्वतःचा लेख स्वतः चढवायला लागल्या. व्हिज्युअल एडिटरचा हा मोठेपणा कुणी नाकारू नये. ज्याला लिहायचंय त्याला मधे कुणी लागत नाही.

थोडक्यात, हाताने लिहिलेली साइट एका माणसावर अवलंबून होती, बिल्डरवरची साइट एका कंपनीवर. माणूस नोकरीला जातो, कंपनी धंदा बदलते. जिओसिटीजवर तर लाखो लोकांची पानं होती, याहूने २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ती बंद केली. त्यातली जी वाचली ती इंटरनेट आर्काइव्ह आणि काही हौशी लोकांनी धावपळ करून उतरवून घेतली म्हणून.

विकिपीडियाची तडजोड

हाच वाद विकिपीडियावर मोठ्या प्रमाणावर झाला. तिथे सुरुवातीपासून मजकूर विकीच्या खुणा घालून हाताने लिहायचा. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरही लोक असेच लिहायला शिकले. नव्या लोकांना ते जड जातं म्हणून २०१३ च्या जुलैमध्ये इंग्रजी विकिपीडियावर व्हिज्युअल एडिटर आणला गेला. जुन्या संपादकांनी तक्रारी केल्या, कारण तो एडिटर अधूनमधून मजकुरात 'नोविकी'सारख्या नको त्या खुणा घुसवत होता. सप्टेंबरमध्ये तो 'ज्याला हवा त्याने चालू करावा' असा करावा लागला. पुढे तो पुष्कळ सुधारला. आज मराठी विकिपीडियावरही दोन्ही वाटा आहेत, थेट पानावर लिहायची आणि स्रोत उघडून लिहायची.

आपल्याला यातून घेण्यासारखं एकच आहे. दारं दोन असली तरी आत मजकूर एकच साठतो, आणि तो साठवलेला मजकूर कुणालाही उघडून बघता येतो, उतरवून नेता येतो. वर्डप्रेसमध्येही बऱ्याच अंशी असंच आहे. २०१८ च्या डिसेंबरपासून त्यात ठोकळ्यांचा नवा एडिटर आला, पण तुमचा मजकूर आत एचटीएमएल म्हणूनच राहतो. त्यावर एखादा सजावटीचा पेज-बिल्डर जोडलात तर मात्र सांभाळा. असे काही जोड मजकूर स्वतःच्या सांकेतिक कंसांत गुंडाळून ठेवतात. जोड काढला की पानभर नुसते कंस दिसतात.

आम्ही आता काय करतो

सभासद व्हिज्युअल एडिटरमध्येच लिहितात. पण मथळा ठळक करून करायचा नाही, यादीतून 'मथळा' निवडायचा; उतारा 'उतारा' म्हणून निवडायचा. वर्डमधून आणायचा असेल तर 'साधा मजकूर' म्हणूनच चिकटवायचा, नाहीतर वर्डच्या सजावटीचा सगळा कचरा बरोबर येतो. यात तळटीपा गळतात, त्या हाताने परत घालाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण करतो.

लेख चढवण्याआधी आमच्यापैकी दोघं जण, एक धारवाडचा आणि एक हुबळीचा, त्याचा स्रोत उघडून बघतात. भाषा सांगितली आहे का, फोटोखालची ओळ फोटोलगतच साठली आहे का, ऱ नीट आहे का. एवढं बघायला पूर्ण कोडिंग यावं लागत नाही. मोडी वाचता येणाऱ्याला तर हे दहा-बारा टॅग म्हणजे काहीच नाही. दोघं मुद्दाम ठेवलेत, एक गेला तरी दुसरा असावा म्हणून.

नवीन साधन घ्यायचं झालं तर आधी परीक्षा. एक खोटं पान करायचं: एक फोटो, त्याखाली ओळ, एक तळटीप, एक कन्नड वाक्य. मग ते उतरवून घ्यायचं, इंटरनेट बंद करायचं आणि ब्राउझरमध्ये व नोटपॅडमध्ये उघडायचं. चारही गोष्टी दोन्हीकडे सापडल्या तर साधन चालेल. एक जरी नसली तरी, कितीही देखणं असलं तरी, नको. ही परीक्षा आम्ही त्या बिल्डरची घेतली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आणि दर दिवाळीला सगळी साइट उतरवून दोन पेन ड्राइव्हवर घेतो. एक धारवाडात राहतो, एक हुबळीत.

त्या फोटोतल्या अकरा जणांपैकी सात नावं आतापर्यंत परत मिळाली आहेत, घरोघरी फोटो दाखवून. ती फोटोखाली घातली आहेत आणि या वेळी वहीतही. मागच्या ओळीत डावीकडून दुसरे, चौथे आणि पाचवे, आणि पुढे बसलेल्यांत उजव्या टोकाचे, अशी चार जागा रिकामी आहेत. फोटो मंडळाच्या पानावर आहे. कुणाच्या आजोबांचा चेहरा ओळखीचा वाटला तर जरूर कळवा.